जाऊबाईंचं चौथं कारण

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी जितक्या लोकांचे पाय हातात घेतले असतील तितके अख्ख्या नेवासा तालुक्यात कुणी घेतले नसतील, आणि तरीही त्यांच्याइतकी ताठ बाई मी दुसरी पाहिली नाही. तीस वर्षं त्या नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स होत्या, त्यातली वीस अपघाताच्या वॉर्डात. थोरले दीर, म्हणजे आमचे दादा, इकडे सोनईच्या पुढे वस्तीवर शेती बघायचे आणि जाऊबाई तिकडे नगरला खोली घेऊन राहायच्या. दोघांचा संसार रविवारचा. त्यातले निम्मे रविवार ड्युटीत जायचे. निवृत्त होऊन त्या वस्तीवर कायमच्या आल्या तेव्हा सामान म्हणून दोन ट्रंका, रक्तदाब मोजायचं एक जुनं यंत्र आणि पदराला उलटं टाचलेलं घड्याळ, एवढंच होतं. नोकरी सुटली, पण वॉर्ड सुटला नाही. वॉर्ड त्यांच्या मागोमाग वस्तीवर आला आणि आम्ही सगळे गुराढोरांसकट त्यात भरती झालो.

दुसरी माणसं भेटली की "काय, बरं हाय का" म्हणतात. अक्का, मी त्यांना अक्का म्हणते, काहीच म्हणत नाहीत. समोरच्याचा हात घेतात, अंगठ्याचं नख दाबून पांढरं करतात, सोडतात, आणि ते परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघतात. झटकन झालं तर "बस, चहा घे." नणंदेच्या मुलीला बघायला राहुरीकडचे पाहुणे आले होते. पोहे झाले, मुलगा लाजून सतरंजीचा धागा ओढत बसला होता. अक्का सरळ उठल्या आणि त्याचा अंगठा धरला. मुलाचा बाप गांगरला. म्हणाला, "अवो बाई, पत्रिका जुळलीय की आपली." "पत्रिका तुम्ही बघा," अक्का म्हणाल्या, "मी रक्त बघते." नख बघून झालं तसं त्यांनी त्याच्या पायालाही हात लावला. मुलीकडची वडीलधारी बाई मुलाच्या पायाला हात लावते म्हटल्यावर मुलाची आई उभीच राहिली. अक्का शांतपणे म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे. पण बूट फार घट्ट घालतो." लग्न झालं, सुखाचं झालं, पण जावई अजून दिवाळीला आला की दोन्ही हात पाठीमागे धरूनच ओसरीवर चढतो.

पायाचं म्हणाल तर तो त्यांचा खरा ध्यास. कुणी पडलं, झडलं, गाडीवरून घसरलं की सगळे तोंडाकडे धावतात आणि अक्का पायाकडे. एकदा डेअरीच्या रस्त्यावर शेजारच्या वस्तीवरचा एक बाप्या दुधाच्या किटल्यांसकट मोटरसायकलवरून घसरला. अक्कांनी जाऊन त्याचे दोन्ही पाय धरले. तो बिचारा लागलेलं विसरला. "काकी, अवो माझ्या पाया पडू नगा, मला पाप लागंल!" म्हणत उठून बसायला लागला. अक्कांनी त्याला छातीवर हात ठेवून परत आडवा केला. "पाया पडत नाही मेल्या, पाय बघते. गप पड." पाय कोमट होते, नुसते गुडघे सोलले होते. येताना त्यांनी मला समजावलं, की रक्त कमी पडायला लागलं की शरीर आधी हातापायांचं तोडतं आणि काळजाला, मेंदूला पुरवतं. म्हणून पाय गार पडतात, घामानं चिकट होतात, नाडी पळायला लागते. तोंडानं माणूस "काही झालं न्हाई" म्हणतो, पण पायांना खोटं बोलता येत नाही.

अपघात झाला की आपल्याकडे पहिल्यांदा पाण्याचा तांब्या धावत येतो. पोटात इजा असेल, पुढं ऑपरेशन करायचं असेल तर पाजलेलं पाणी बाधतं, हे अक्का किती जणांना सांगणार? शिवाय आणणाऱ्या बाईचा मान मोडायचा नाही. मग त्या तांब्या हातात घ्यायच्या आणि स्वतःच पिऊन टाकायच्या. एकदा फाट्यावर जीप उलटली तेव्हा त्या पाच तांबे पाणी प्यायल्या. आणि कुणी फार ओरडायला लागलं तर त्याच्याकडे ढुंकून बघायच्या नाहीत. "ओरडतोय त्याला ओरडू द्या. गप्प पडलाय तो कुठाय?" भजनाला गेल्या तरी लक्ष बुवांच्या मानेकडे. बुवांनी वरचा सूर लावला आणि मानेची शीर टरारून फुगली की माझ्या कानात म्हणायच्या, "गाणाऱ्याची फुगली तर फुगू दे. पण मार लागलेल्याची अशी फुगली आणि श्वास लागला, तर छातीत काहीतरी दाबतंय असं समजायचं." लोक टाळ वाजवत होते आणि मी बुवांची मान बघत होते. देवाला काय वाटलं असेल कोण जाणे.

हे सगळं आम्हा बायकांना शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं आणि बचत गटाची बैठक आमच्या अंगणात बोलावली. अंगात रक्त नीट पोचेनासं झालं की डॉक्टर त्याला शॉक म्हणतात. पण शॉक म्हटलं की आमच्या बायकांना विजेचा शॉक आठवतो, म्हणून अक्कांनी आधी तो शब्दच काढून टाकला आणि सरळ शेतातली ठिबकची लाइन धरली. म्हणाल्या, "शेवटच्या झाडाला पाणी येत नाही. कारणं किती?" एकदम दहा तोंडं बोलली. अक्कांनी त्यातूनच निवडलं. पहिलं कारण, लाइन फुटली, पाणी वाहून गेलं. ते म्हणजे रक्त जाणं. बाहेर दिसतं तसं आत पोटातही जातं. अपघातात सगळ्यात जास्त हेच, म्हणून आधी हेच धरायचं. दुसरं, मोटरच नीट चालत नाही. ते म्हणजे काळजाला मार. तिसरं, पाइपावर बैलगाडीचं चाक आलं, पाणी पुढं सरकत नाही. ते म्हणजे छातीत हवा नाहीतर रक्त कोंडणं, मानेच्या शिरा फुगतात ते. "आणि चौथं," अक्का म्हणाल्या, तेवढ्यात मी चहा घेऊन आले. सगळ्या बायका उठल्या. कुणी कप वाटायला लागलं, कुणी घरी जायला निघालं. चौथं कारण चहात बुडालं. अक्का अशा की वाक्य अर्धं राहिलं तर त्यांना जेवण जात नाही. शेवटी मी कपबशा विसळत होते तिथं येऊन उभ्या राहिल्या आणि मला एकटीला पुरं सांगितलं. "चौथं, पाणी आहे, मोटर चालू आहे, लाइन फुटलेली नाही, पण सगळे कॉक एकदम सताड उघडे पडले. मग दाब राहत नाही. मान, पाठ मोडली, कण्याच्या आतली मज्जेची दोरी दुखावली की तसं होतं. शिरा सैल पडतात. आणि गंमत ऐक, यात पाय गार नसतात. गरम असतात, कोरडे. नाडी पळत नाही, उलट हळू होते. भलेभले फसतात." मी मान हलवली आणि कप पालथे घातले.

बायकांनी मात्र घरी जाऊन एकच सांगितलं, पाय गार म्हणजे धोका, पाय गरम म्हणजे काळजी नाही. महिनाभरात ते वस्तीवस्तीवर पोचलं. कुणाला काही झालं की लोक स्वतःच पाय चाचपून "गरम हायेत, गरम हायेत" म्हणून मोकळे व्हायला लागले. लोक पाय बघायला शिकले याचाच अक्कांना कोण अभिमान!

मला त्या कायम बरोबर न्यायच्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत, चारचौघांत तोंड उघडायची मला सवय नाही. तरी कुणाकडे गेलं की अक्का म्हणायच्या, "धाकटे, तू हात लाव. सांग कसा आहे." मी त्या घड्याळाकडे बघत नाडी मोजायची, पायाला हात लावायची आणि हळूच त्यांच्या कानात सांगायची, गार, कोमट, चिकट. त्या मोठ्यानं लोकांना सांगायच्या, "धाकटीला शिकवतेय." कधी कधी वाटायचं, एवढं काय शिकवतात, मी काय आता नर्स होणार आहे? पण बरं वाटायचं. आजवर मला काही शिकवावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

एका माणसाला मात्र मी कधी हात लावला नव्हता, ते म्हणजे दादा. आमच्याकडे धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, समोर बोलायचं नाही, हाताला हात लागू द्यायचा नाही. सणाला पायावर डोकं ठेवायचं तेवढंच. बावीस वर्षांत दादांशी माझं जे बोलणं झालं ते दाराआडून, "जेवायला वाढलंय" एवढं. दादाही अबोल. पण अक्का वस्तीवर आल्यापासून ते बदलले होते. सकाळी अक्कांच्या शेजारी बसून चहा प्यायचे. इतकी वर्षं ज्यांनी रविवार मोजले त्यांना रोजचा चहा म्हणजे काय, ते त्यांच्या तोंडावर दिसायचं. अक्का रोज त्यांचंही नख दाबायच्या. दादा हात पुढं करून बसून राहायचे, चहा गार होईपर्यंत.

कांदा साठवणीच्या चाळीत भरून झाला होता. आभाळ आलं म्हणून दादा चाळीच्या छपरावर पत्रा आवळायला चढले. पत्रा जुना, पायाखाली मोडला, आणि दादा पाठीवर खाली आले. मी गोठ्यातून धावले, अक्का स्वयंपाकघरातून. आम्ही पोचेपर्यंत आमचे चुलत सासरे, आबा, आणि आजूबाजूचे चारपाच जण जमले होते. दादा डोळे उघडे ठेवून पडले होते. रक्त कुठं नाही, ओरडणं नाही. चेहरा मात्र राखेसारखा झाला होता. म्हणाले, "छातीखालचं काय हाय ते कळंना." आबांनी वाकून दादांच्या पायाला हात लावला आणि त्यांचं तोंड उजळलं. "पाय गरम हायेत! काय झालं न्हाई. भ्यालाय जरा. उचला, खुर्चीत बसवा, पाणी द्या. न्हाईतर घाला पिकअपमधी." दोघांनी बाह्याही सरसावल्या.

"थांबा," अक्का म्हणाल्या. त्या दादांच्या पायाशी बसल्या. दोन्ही हातांनी पावलं धरली. मी त्यांना शेकडो पाय धरताना पाहिलं होतं, त्यांना एक क्षण पुरायचा. त्या दिवशी त्या धरूनच बसल्या. मग बोटं फिरवली, पुन्हा धरली, आणि माझ्याकडे वर बघितलं. म्हणाल्या, "गार आहेत ना गं?"

अक्का विचारत होत्या. एरवी शिकवण्यापुरतं विचारायच्या, पण असं खरोखरच अक्कांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. मी खाली बसले, पायाला हात लावला. "न्हाई अक्का. गरम हायेत. कोरडे." "बघा!" आबा म्हणाले. "मी काय सांगतोय मघापासनं?" अक्का त्यांच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "हात धर ह्यांचा. मोज." माझा हात पुढं जाईना. सगळी भावकी उभी होती, डोक्यावरचा पदर पळताना कधीच पडला होता. अक्कांनी पदराचं घड्याळ काढून माझ्या समोर धरलं. मी दादांचं मनगट धरलं. एक ठोका लागला, मग किती तरी वेळ काहीच नाही, मग दुसरा. पुरं मिनिट मोजलं. सेहेचाळीस. ज्याच्या तोंडावरचं रक्त असं उडालं आहे त्याची नाडी पळायला हवी, आणि ही तर बैलासारखी रमतगमत चालली होती. पाय हलत नव्हते. एक माशी दादांच्या पावलावर बसली, चालत घोट्यापर्यंत गेली, आणि दादांना तिचा पत्ता नव्हता.

"अक्का," मी म्हटलं, "हे चौथं तर न्हवं?"

अक्का अजून ते पाय चाचपतच होत्या. तेवढ्यात आबांनी आणि दुसऱ्या एकानं दादांच्या काखेत हात घातले. आणि मी ओरडले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "आबा, हात काढा! पाठ मोडलीय त्यांची. बसवलं तर जातील!"

आबांनी हात काढले. माझं ऐकलं म्हणून नव्हे. पुढं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे, "मला वाटलं हुतं, ही मुकी हाय. बावीस वर्षांनी सूनबाईचा आवाज ऐकला, मला वाटलं आता मीच पडतोय!" पण हात काढले ते काढलेच.

त्या ओरडण्यानं अक्काही जाग्या झाल्या. मग वॉर्डातल्या अक्का दिसल्या. पहिल्यांदा म्हणाल्या, "आबा, गरम पायांचं मी अर्धंच शिकवलं होतं. चूक माझी. आता उरलेलं ऐका." मग मला पोट दाबून बघायला लावलं. मऊ होतं. "तरी आत कुठं रक्त जात असेल असंच धरायचं," त्या म्हणाल्या, "पण उचलायचं नाही." यंत्र आणवलं, दाब बघितला, वरचा आकडा ऐंशी. अँब्युलन्सला फोन लावला आणि पाठीला मार आहे, फळी आणि मानेचा पट्टा घेऊन या, असं बजावलं. अंगावर गोधडी घातली. तांब्या आला तो माझ्या हातात दिला. तो मी प्यायले. मग त्या दादांच्या डोक्याशी मातीत पालथ्या पडल्या, दोन्ही कोपरं जमिनीला टेकली आणि त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं. अँब्युलन्स येईपर्यंत हलल्या नाहीत. दादा मधेच म्हणाले, "चहा राहिलाय तुझा." "गप्प बसा," अक्का म्हणाल्या, "मान हलते."

नगरला नेलं. दाब सावरायला इंजेक्शनं लावली, मग पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दोरी दुखावलीय पण तुटलेली नाही, तुम्ही बसवून आणलं असतं तर ती तुटली असती. आम्ही दोघी दवाखान्याच्या बाकावर बसलो. अक्का आपल्या बोटांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "वर्ष झालं. साखरेच्या आजारानं बोटांची जाणीव गेली. तव्यावर बोट भाजलं, मला वास आल्यावर कळलं." मी म्हटलं, "मग मला शिकवत होता ते?" "शिकवत होते की." मग बोटं मिटून म्हणाल्या, "आणि बघतही होते. तुझ्या हातानं." मला राग यायला हवा होता का? आला नाही. त्या इतक्या बायकांतून माझाच हात निवडायच्या, हे मला त्या बाकावर कळलं.

दादांना घरी आणल्यावर अक्कांनी आधी काय केलं असेल तर बचत गटाची बैठक पुन्हा बोलावली. या वेळी आधी चहा दिला, कप गोळा केले, अंगणाचं फाटक लावून त्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज फक्त चौथं." कुणाला जाऊ दिलं नाही. शेवटी प्रत्येकीकडून म्हणवून घेतलं. एक म्हातारी जरा वैतागून म्हणाली, "शिस्टरबाई, गार पाय बी वाईट, गरम पाय बी वाईट, मग चांगलं काय?" अक्का म्हणाल्या, "चांगलं हे, की एकाच गोष्टीवर निकाल द्यायचा नाही. पाय बघायचे, नाडी बघायची, मान बघायची, आणि मग बोलायचं." मग माझ्याकडे बोट करून, "ही सांगेल." मी सांगितलं. सुरुवात खाली बघून केली, पण सांगितलं. आता मला लोक घरी बोलवायला येतात. अक्का शेजारी बसतात, हात मांडीवर ठेवून. पूर्वी त्या हातांना कधी आराम नसायचा. ते असे निवांत पडलेले बघवत नाहीत.

दादांच्या उजव्या पायात आधी मुंग्या आल्या, मग अंगठा हलला, मग गुडघा. फिजिओथेरपीवाली पोरगी यायची, तिनं एक दिवस वॉकर हातात दिला. फाटकापर्यंत जायचं होतं. मी आणि अक्का ओसरीवर मेथी निवडत होतो. ज्या बाईनं तीस वर्षं काय काय उघड्या डोळ्यांनी बघितलं, तिनं त्या दिवशी भिंतीकडे तोंड फिरवलं. "मला नाही बघवत. तू बघ. सांग."

मी सांगायला लागले, चांगलं मोठ्यानं. "उठले. उभे राहिलेत. निघाले. डावा पाय ओढतायत."

"उजवा?"

"उजवा बरा टाकतायत. पेरूपाशी आलेत. थांबले."

अक्कांचे हात थांबले. "का थांबले? चेहरा कसा आहे?"

"घाम आलाय. हसतायत."

"कुणाकडं बघून?"

"तुमच्याकडं. पाठमोऱ्या बसलाय तुम्ही, तरी."

त्यांनी तोंड वळवलं नाही. हात मात्र पुन्हा भराभर चालायला लागले, आणि मी बघितलं तर मेथीची पानं फेकायच्या ढिगात जात होती आणि काड्या ताटात. मी त्यांना सांगितलं नाही. दादा फाटकाला हात लावून परत आले. संध्याकाळी काड्यांची भाजी झाली. दादांनी ती दोनदा मागून घेतली आणि गुपचूप चावत बसले.